गिलियडची लाल वस्त्रे आणि बालाघाटचा कोयता

मार्गारेट अ‍ॅटवुड यांची ‘द हँडमेड्स टेल’ ही कादंबरी १९८५ साली आली. तिच्यावरची दूरचित्रमालिका एप्रिल २०१७ मध्ये सुरू झाली आणि सहा पर्वांनंतर मे २०२५ मध्ये संपली. या आठ वर्षांत मालिकेतला लाल झगा आणि पांढरी टोपी पडद्याबाहेर आली. टेक्सासच्या विधिमंडळात, अर्जेंटिनातल्या गर्भपात कायद्याच्या लढ्यात, पोलंडच्या रस्त्यांवर बायका तो वेष घालून मूकपणे उभ्या राहिल्या. एखाद्या मालिकेच्या पोशाखाला असे राजकीय आयुष्य क्वचितच लाभते.

गोष्ट थोडक्यात अशी. जननदर कोसळलेल्या अमेरिकेत धर्मांध गट सत्ता बळकावतो आणि गिलियड नावाचे राज्य उभे राहते. एका दिवसात बायकांची बँकखाती गोठवली जातात, त्यांना नोकरीवरून घरी पाठवले जाते, वाचायला बंदी येते. ज्यांना मूल होऊ शकते अशा बायका सेनापतींच्या घरी वाटून दिल्या जातात. त्यांचे नावही जाते. नायिका जून ही फ्रेड नावाच्या सेनापतीच्या घरी आहे, म्हणून ती ‘ऑफ्रेड’, फ्रेडची. या व्यवस्थेला धार्मिक विधीचा मुलामा आहे आणि तिची अंमलबजावणी करायला ‘आंट’ म्हणवणाऱ्या बायकाच नेमलेल्या आहेत.

आपल्याकडे या मालिकेवर जे बोलले गेले, त्याचा रोख बहुतेक एकाच प्रश्नाकडे होता: असे आपल्याकडे होऊ शकेल का? धाराशिव जिल्ह्याच्या भूम, वाशी, कळंब, परंडा या तालुक्यांतून पाहिले की या प्रश्नाची मांडणीच अपुरी वाटते. ‘होऊ शकेल का’ असे विचारणाऱ्याजवळ गमावण्यासारखे काही असते. गिलियडमध्ये ज्या दिवशी खाती गोठतात तो दिवस मध्यमवर्गीय प्रेक्षकाचा श्वास रोखतो, कारण त्याच्या घरातल्या बाईचे खाते आहे. बालाघाटच्या डोंगररांगेतल्या वस्त्यांवर बाईच्या नावाने खाते हीच अलीकडची गोष्ट आहे. आधी जनधन आणि २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे दरमहा दीड हजार, यामुळे ती बँकेच्या रांगेत दिसू लागली. पासबुक कुणाच्या खिशात असते हा प्रश्न अजून शिल्लक आहेच.

अ‍ॅटवुड यांनी कादंबरी लिहिताना स्वतःला एक नियम घालून घेतला होता. मानवी इतिहासात कुठे ना कुठे घडून गेलेले नाही असे काहीही पुस्तकात येऊ द्यायचे नाही. रुमानियात १९६६ साली चाउशेस्कूच्या राजवटीने गर्भपात आणि गर्भनिरोधनावर निर्बंध आणले होते. अमेरिकेतल्या गुलामगिरीत काळ्या बायकांची मुले मालकाची मालमत्ता होती आणि अनेक राज्यांत गुलामांना अक्षर शिकवणे हा गुन्हा होता. मालिकेवरची सर्वांत रास्त टीका इथूनच आली. काळ्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या भोगलेले दुःख गोऱ्या नायिकेच्या वाट्याला आल्यावरच ते जगाला भयंकर वाटले, असे अनेक अभ्यासकांनी म्हटले. मला ही टीका पूर्ण पटते आणि आपल्यालाही ती तेवढीच लागू आहे असे वाटते.

भारतीय उदाहरण फार लांब नाही. प्रयाग अकबर यांच्या कादंबरीवर आधारलेली ‘लैला’ ही मालिका जून २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर आली. दिग्दर्शकांत दीपा मेहता होत्या आणि शालिनीची भूमिका हुमा कुरेशी यांनी केली. आर्यावर्त नावाच्या राज्यात जातीधर्मानुसार वस्त्या भिंतींनी तोडल्या आहेत, आंतरधर्मीय विवाह केलेल्या शालिनीची मुलगी हिरावली जाते आणि तिला ‘शुद्धी’साठी छावणीत डांबले जाते. पाणी हे त्या राज्यातले चलन आहे. सुखवस्तू शालिनीच्या घरी आधी पाणी होते, नंतर नाही. मराठवाड्याला त्या दृश्यांसाठी कल्पनेची गरज नव्हती. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने शेजारच्या लातूरला पाणी आणावे लागले, आणि त्या उन्हाळ्यात धाराशिवच्या गावांत टँकरची वाट पाहत घागरी मांडून बसलेल्या बहुतेक बायकाच होत्या. ‘लैला’ पाण्याच्या टंचाईला भविष्यात नेते आणि जातीच्या भिंतींनाही भविष्यात नेते. दोन्ही गोष्टी वर्तमानात ज्यांच्या वाट्याला आहेत, त्या बायका या मालिकेत फक्त मागच्या रांगेत उभ्या राहतात.

गिलियडमध्येही अशी मागची रांग आहे. कादंबरीत ‘एकॉनोवाइफ’ नावाचा एक वर्ग येतो. सेनापतींच्या बायका निळ्या कपड्यात, स्वयंपाकीण मार्था हिरव्या कपड्यात, हँडमेड लाल कपड्यात. गरीब पुरुषांच्या बायकांचे कपडे मात्र पट्ट्यापट्ट्यांचे, स्वस्त कापडाचे, तिन्ही रंग एकत्र असलेले. कारण त्यांच्या कामाची वाटणी झालेली नाही. मूल जन्माला घालणे, स्वयंपाक, धुणीभांडी, नवऱ्याची सोबत, सगळे त्यांनीच करायचे. कादंबरी त्यांच्यावर मोजक्याच ओळी खर्च करते. मालिकेत दुसऱ्या पर्वात जून पळताना अशा एका कुटुंबात आसरा घेते, तेवढाच त्यांचा सविस्तर प्रवेश. लाल झगा जगाचे प्रतीक झाला. पट्टेरी कपड्यातली ही बाई कुणाच्याच निदर्शनात आली नाही. माझ्या मते मराठवाड्याने या गोष्टीकडे पाहायचे तर तिच्याकडून पाहावे.

दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, धाराशिव, जालना, परभणी, लातूर, अहिल्यानगर या भागांतून लाखो माणसे ऊसतोडीला निघतात. सांगली, कोल्हापूर, सोलापूर, पुणे, शिवाय कर्नाटकातले कारखाने. १९७२ च्या दुष्काळानंतर या स्थलांतराने जोर धरला. खुद्द धाराशिव जिल्ह्यात ढोकीच्या तेरणापासून रांजणीच्या नॅचरल शुगरपर्यंत कारखाने आहेत, तरी जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यातली माणसे बाहेरच्या फडात जातात. ज्या जिल्ह्यात पिण्याच्या पाण्याची ओढ, तिथे ऊस उभा. आणि ज्यांच्या शेतात काहीच उभे राहत नाही ते दुसऱ्याचा ऊस तोडायला परगावी.

मजुरीचा हिशेब जोडीवर चालतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. मजूर जमवणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्याला, आणि देतो पुरुषाच्या हातात. रक्कम आता लाखाच्या घरात गेली आहे. उचल फिटेपर्यंत तोड करायची. ऊस तोडायचा पुरुषाने. पाचट काढून, मोळ्या बांधून, डोक्यावर घेऊन गाडीवर चढवायच्या बाईने, असे काम साधारण वाटलेले असते, पण अनेक बायका तोडतातही. पहाटे तीन-चारला उठून भाकरी, पाणी, लेकरांचे आवरणे, मग फड. संध्याकाळी कोपीत परत आल्यावर पुन्हा चूल. रात्री-अपरात्री ट्रक आला तर भरायला जायचे. कोपी म्हणजे पाचटाची किंवा ताडपत्रीची झोपडी. संडास नाही, आंघोळीला आडोसा नाही. एक दिवस काम बुडाले की त्याला खाडा म्हणतात आणि त्याची भरपाई वसूल होते. पाळी, बाळंतपण, ताप यांपैकी कशालाच यात सूट नाही. ज्या करारामुळे तिचे दिवस बांधले जातात, त्या करारावर तिचे नाव नसते.

इथे एक जुनी सामाजिक सोयही जोडलेली आहे. कोयता जोडीचा, म्हणून एकट्या मुलाला उचल निम्मी आणि लग्न झालेल्याला पूर्ण. वयात आलेली मुलगी गावात मागे ठेवायची भीती आणि फडात न्यायची त्याहून मोठी भीती. लग्न लवकर उरकण्याची ही दोन्ही कारणे या पट्ट्यात उघडपणे बोलली जातात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) वीस ते चोवीस वयाच्या महिलांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचे प्रमाण महाराष्ट्रात २१.९ टक्के होते, तर शेजारच्या बीडमध्ये ४३.७ टक्के. विशीच्या आत दोन मुले, मग नसबंदी, आणि तिशीच्या आसपास ‘पिशवी काढली’.

हे दोन शब्द मराठवाड्यातल्या बायका इतक्या सहज उच्चारतात की बाहेरच्या माणसाला सुरुवातीला त्यातले वजन कळत नाही. एप्रिल २०१९ मध्ये बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांच्या बातम्या राष्ट्रीय वृत्तपत्रांत आल्या आणि राष्ट्रीय महिला आयोगाने राज्याच्या मुख्य सचिवांना नोटीस काढली. जून २०१९ मध्ये तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत सांगितले की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या आहेत. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्यावेळच्या पाहणीत बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे सहाजणींत एक. राज्याच्या पंधरा ते एकोणपन्नास वयोगटातल्या महिलांमध्ये हे प्रमाण कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत तीन टक्क्यांच्या आत होते. दोन पाहण्यांचे वयोगट नेमके जुळत नाहीत, तरी फरक दृष्टिआड करता येण्याजोगा नाही.

बातम्यांनी सुरुवातीला एक सोपे चित्र दिले: मुकादम पाळीचा खाडा टाळण्यासाठी बायकांची गर्भाशये काढायला लावतो. इतके सरळ ते नाही, आणि सरळ नाही म्हणूनच ते अधिक भयंकर आहे. अंगावरून पांढरे जाणे, कंबरदुखी, पाळीत जास्त रक्तस्राव, अंग बाहेर येणे या तक्रारी जड ओझी, वारंवारची बाळंतपणे आणि फडातल्या अस्वच्छतेतून येतात. त्यातल्या पुष्कळशा औषधाने किंवा छोट्या उपचाराने बऱ्या होऊ शकतात. पण सरकारी दवाखान्यात स्त्रीरोगतज्ज्ञ मिळेलच याची खात्री नसते. खासगीत सोनोग्राफी होते, ‘पुढे कॅन्सर होईल’ असे सांगितले जाते. बाईही विचार करते की मुले झाली, आता या पिशवीचा त्रास कशाला. शस्त्रक्रियेचे पैसे उचलीतून किंवा कर्जातून येतात आणि ते फेडायला पुढचा हंगाम. म्हणजे जी शस्त्रक्रिया कामावर टिकण्यासाठी केली, तीच तिला कामाला आणखी बांधते. अंडाशयेही काढली तर तिशीतच रजोनिवृत्तीची लक्षणे सुरू होतात. हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणाऱ्या बाईची हाडे!

गिलियडला गर्भाशय हवे असते, म्हणून ते बाईला कैद करते. ऊसतोडीच्या व्यवस्थेला गर्भाशय आड येते, म्हणून ते काढले जाते. वरवर दोन टोके दिसतात, पण दोन्हीकडे बाईचे शरीर दुसऱ्याच्या उत्पादनाचे साधन आहे आणि निर्णयाची वेळ येते तेव्हा तिच्यासमोर खरा पर्याय ठेवलेला नसतो. फरक दुसरीकडेच आहे. गिलियडमध्ये सेनापती आहे. त्याचे घर आहे, चेहरा आहे, त्याचा खून करता येतो आणि जून चौथ्या पर्वाच्या शेवटी तो घडवून आणतेही. इथे सेनापती नाही. कारखाना म्हणतो, मजूर आमचे नाहीत, वाहतूकदाराचे आहेत. वाहतूकदार मुकादमाकडे बोट दाखवतो. मुकादम म्हणतो, मी फक्त उचल दिली. डॉक्टर म्हणतो, बाईंनी स्वतः सही केली. नवरा म्हणतो, तिलाच त्रास होत होता. आणि बाई म्हणते, करणार काय. या साखळीत कुणीही खोटे बोलत असेलच असे नाही. मार्च २०२४ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ही साखळी कोका-कोला आणि पेप्सीला साखर पुरवणाऱ्या कारखान्यांपर्यंत नेऊन दाखवली, तेव्हा तिचे वरचे टोक किती उंचावर आहे ते जगाला दिसले.

म्हणूनच प्रतिकाराचेही रूप वेगळे असावे लागते. मालिकेचे सर्वांत मोठे दुबळेपण मला तिथेच जाणवते. पहिल्या पर्वाच्या अखेरीस एक प्रसंग आहे. हँडमेडना त्यांच्यातल्याच एकीला दगडांनी ठेचून मारण्याचा हुकूम होतो आणि एकेक करून त्या हातातला दगड खाली टाकतात. त्या संपूर्ण मालिकेतला तो मला सर्वांत खरा प्रसंग वाटतो, कारण त्यात कुणा एकीचे शौर्य नाही. पुढच्या पर्वांत मात्र कथा जूनच्या डोळ्यांतल्या आगीवर अधिकाधिक विसंबत गेली. तिसऱ्या पर्वात ती ८६ मुलांना विमानाने बाहेर काढते, पुढे सूड घेते, परत येते. एकटीच्या पराक्रमाने राज्य हलते. चेहरा नसलेल्या व्यवस्थेपुढे असा पराक्रम करायला जागाच नसते.

बालाघाटात जे घडते आहे ते दगड खाली टाकण्याच्या जातीचे आहे. महिला किसान अधिकार मंचाने, म्हणजे ‘मकाम’ने, राज्यातल्या ऊसतोड बायकांची पाहणी करून त्यांच्या आरोग्याचा आणि मजुरीचा प्रश्न समोर आणला. बीडमध्ये मनीषा तोकले यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी महिला ऊसतोड कामगारांची वेगळी संघटना बांधली. मागण्या ऐकायला साध्या आहेत: बाईची स्वतंत्र नोंदणी, स्वतंत्र ओळखपत्र, तिच्या खात्यात तिची मजुरी, फडावर पाणी आणि संडास, बाळंतपणाची रजा. यातली पहिलीच मागणी पूर्ण झाली तर ‘जोडी’ हे एकक मोडते आणि संपूर्ण हिशेब बदलतो. ऊसतोड कामगारांच्या जुन्या संघटनांनी तोडणीच्या दरासाठी संप केले, मोर्चे काढले, आणि जानेवारी २०२४ मध्ये दरात सरासरी ३४ टक्के वाढ मिळवली. तो विजय मोठा होता, पण वाढ कोयत्याला मिळाली. बाईचा वाटा त्यात वेगळा लिहिलेला नव्हता.

आणखी एक धागा धाराशिवचा स्वतःचा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात लोहारा आणि उमरगा परिसरातली गावे उद्ध्वस्त झाली. पुनर्बांधणीच्या काळात प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोगने गावोगावच्या बायकांना घरबांधणीच्या कामात उतरवले. ज्या बायकांनी तोवर ग्रामपंचायतीची पायरी चढली नव्हती, त्या सिमेंटच्या गोण्या आणि अधिकाऱ्यांची आश्वासने दोन्ही मोजू लागल्या. त्याच बायकांतून पुढे बचत गट आणि मग शेतीचे ‘एक एकर’ प्रारूप उभे राहिले. घरच्या जमिनीतला एक एकर बाईच्या निर्णयाखाली. त्यात ऊस किंवा सोयाबीनऐवजी ज्वारी, डाळी, भाजी, घरच्यांना खायला लागेल ते. तुळजापूर तालुक्यातल्या गंधोरा गावच्या गोदावरी डांगे या कामाचा चेहरा झाल्या. या प्रारूपात सातबारा बदलत नाही, ही त्याची मर्यादा. शेतकरी संघटनेने १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर ‘लक्ष्मीमुक्ती’तून बायकांच्या नावे जमीन करण्याची हाक दिली होती, ती मागणी अधिक मुळाशी जाणारी होती. तरीही एक एकरावर काय पेरायचे हे ज्या घरात बाई ठरवते, त्या घरातून ऊसतोडीला जाणे एखाद्या वर्षी टळू शकते, आणि टळलेला एक हंगाम म्हणजे सहा महिने स्वतःच्या घरात झोपणे.

आरोग्याच्या बाजूने पाहिले तर अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनचे काम आठवल्यावाचून राहत नाही. डॉ. शशिकांत अहंकारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावातल्या, थोडेच शिकलेल्या बायकांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केले. आजाराची पहिली चाहूल गावातच ओळखायची, औषध द्यायचे आणि कुठल्या तक्रारीसाठी शहर गाठायचे, कुठल्यासाठी नाही, हे सांगायचे. गर्भाशयाचा प्रश्न नेमका याच टप्प्यावर बिघडतो. पांढरे जाण्याची तक्रार घेऊन निघालेल्या बाईला शहराच्या वाटेवर कुणी तरी थांबवून ‘आधी हे करून बघ’ असे सांगायला हवे, आणि ते सांगणारी तिच्याच आळीतली असेल तर ती ऐकते. वाचन-लेखन बंद असलेल्या गिलियडमध्ये ज्ञानाची चोरटी देवाणघेवाण हाच बायकांचा पहिला प्रतिकार आहे. अणदूरच्या कामात ते ज्ञान उघड्यावर, दिवसाढवळ्या वाटले गेले.

मालिकेतल्या आंटसारख्या बायका आपल्याकडेही आहेत. सुनेला ‘आमच्या वेळी पिशवीचा एवढा बाऊ नव्हता’ म्हणणारी सासू, विधवेला हळदीकुंकवाला न बोलावणारी शेजारीण. परंतु त्यांना खलनायिका करून भागत नाही. त्याही त्याच कोयत्याच्या हिशेबातून आल्या आहेत. कोल्हापूरच्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि सरकारने तो राज्यभर आदर्श म्हणून पाठवला, तेव्हा मराठवाड्यातल्या एकल महिलांच्या संघटना अशाच गोष्टींसाठी आधीपासून झगडत होत्या. विधवा आणि परित्यक्ता बायकांना ऊसतोडीतही उचल मिळणे कठीण, कारण जोडी नाही.

कायद्याच्या आघाडीवर पाऊल पडले आहे, पण कुठे कुठे आणि अर्धवट. २०१९ नंतर बीडमध्ये खासगी रुग्णालयांना गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागू झाली. केंद्राने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सर्व राज्यांना त्या तीन महिन्यांत अंमलात आणायला सांगितले. त्यांत जिल्हा पातळीवरच्या देखरेख समित्यांचा समावेश आहे. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये घ्यायचे ठरले आणि ग्रामसेवकांमार्फत ओळखपत्रांचे काम सुरू झाले. तरी २०२५ मध्ये बीडच्या आरोग्य विभागाच्या माहितीवरून बातम्या आल्या की ऊसतोडीच्या हंगामाला जाण्याआधी ८४३ महिलांचे गर्भाशय काढलेले होते, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक तिशी ते पस्तिशीच्या होत्या. हा आकडा वाईट आहे. पण तो मोजला गेला, कारण २०१९ पासून बायकांनी आणि त्यांच्या संघटनांनी मोजायला भाग पाडले.

गोऱ्हे समितीच्या वेळची ती मोजणी बीडची होती. वाशी किंवा कळंबच्या बाईला बीड, बार्शी, लातूर सारखेच जवळ आहे, आणि परवानगीची अट जिल्ह्याच्या हद्दीवर संपत असेल तर शस्त्रक्रिया हद्दीपलीकडे जायला एका एसटीचा प्रवास पुरतो. म्हणून धाराशिवची मागणी स्पष्ट असायला हवी. टोळ्या निघण्याआधी आणि परतल्यावर भूम, वाशी, कळंब, परंडा इथे प्रत्येक ऊसतोड बाईची तपासणी व्हावी आणि तालुकावार आकडे दर हंगामानंतर जाहीर व्हावेत. देखरेख समिती शेजारच्या जिल्ह्यांशी जोडलेली असावी. तपासणीच्या कार्डावर बाईचे स्वतःचे नाव असावे आणि ते कार्ड तिच्याजवळ राहावे. कोयत्याच्या नोंदवहीत नव्हे. अ‍ॅटवुड यांच्या २०१९ च्या ‘द टेस्टामेंट्स’मध्ये गिलियड कोसळण्याची सुरुवात आंट लिडियाने गुपचूप जमवलेल्या नोंदींपासून होते. भूमच्या आशाताईंना अशा नोंदी लपवून ठेवण्याची गरज नाही. त्यांना फक्त त्या करण्याचे मानधन वेळेवर मिळावे, आणि त्यांचे रजिस्टर जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर दर एप्रिलमध्ये उघडले जावे.